बांधावरची कळलावी: ओळख, लागवड आणि सावधगिरी

पलूस तालुक्यातील एका शेतकरी भगिनीने विचारलेल्या प्रश्नाचे हे उत्तर आहे. त्यांच्या विहिरीकडच्या बांधावर, घाणेरी आणि साबराच्या कुंपणात, दर पावसाळ्यात एक वेल आपोआप उगवते आणि श्रावण-भाद्रपदात तिला ज्वाळांसारखी पिवळी-तांबडी फुले येतात. गावात कोणी तिला कळलावी म्हणतात, कोणी खड्यानाग. गेल्या श्रावणात त्यांनी फुलांवर आलेली एक वेल कंदासकट उकरून दारातल्या कुंडीत लावली, रोज पाणी घातले, आणि आठवडाभरात ती पिवळी पडून गेली. ही वेल नक्की कोणती, रोपवाटिकेत मिळणारी मोठ्या लाल फुलांची ‘ग्लोरिओसा’ हीच का, बांधावरची वेल घरी कशी आणावी, आणि घरात तीन वर्षांचा नातू व दारात शेळ्या असताना ती लावावी की नाही, असे त्यांचे प्रश्न आहेत.

ताई, आपण केलेल्या वर्णनावरून ही कळलावीच आहे, याविषयी मला शंका वाटत नाही. तिचे शास्त्रीय नाव ग्लोरिओसा सुपर्बा. पूर्वी तिला लिलीच्या कुळात घालत असत, आता ती कोल्चिकेसी या कुळात धरली जाते. आफ्रिकेच्या उष्ण भागापासून भारत, श्रीलंका आणि आग्नेय आशियापर्यंत ती रानात आपोआप वाढते. आपल्याकडे जावळी, पाटण, शिराळा या पट्ट्यातल्या डोंगरउतारांवर ती झुडपांच्या आधाराने चढलेली दिसते, आणि पूर्वेकडच्या कोरड्या भागात जिथे जुनी कुंपणे नांगरटीतून वाचली आहेत तिथेही ती तग धरून असते. घाटमाथ्यावर आणि कोकणात हिच्या फुलांना गौरीचे हात म्हणतात व गौरीच्या सजावटीत ती वापरतात. तमिळनाडूचे हे राज्यफूल आहे आणि झिम्बाब्वेचे राष्ट्रीय फूल.

तरीही एखाद्या झाडाला हात लावण्यापूर्वी, विशेषतः ते विषारी असेल तेव्हा, ओळख स्वतः पडताळून घ्यावी. फुलावरून कळलावी कोणीही ओळखेल. खरी पंचाईत फुले नसताना होते, म्हणून पानापासून सुरुवात करतो. तिच्या पानाला देठ जवळजवळ नसतोच. पान लांबट, टोकाकडे निमुळते, साधारण 8 ते 15 सेंटिमीटर लांब असते, आणि त्यावरच्या शिरा गवताच्या किंवा आल्याच्या पानावर असतात तशा समांतर धावतात. पानाचे टोक मात्र तिथे संपत नाही. ते बारीक होत होत पुढे वाढते आणि घड्याळाच्या स्प्रिंगप्रमाणे वळून त्याचा तणावा होतो. याच तणाव्याने वेल शेजारच्या काडीला विळखा घालते. कळलावीचे खोड स्वतः कशाभोवती फिरत नाही. चढण्याचे सगळे काम पानांची टोके करतात. पानाच्या टोकालाच तणावा आणि पानावर समांतर शिरा, या दोन खुणा एकत्र दिसल्या की आपल्या भागात दुसऱ्या कोणत्या वेलीचा विचार करण्याचे कारण उरत नाही.

इथे एक बारकावा आहे, आणि तो माहीत नसल्याने अनेकांची फसगत होते. जमिनीतून नुकत्याच वर आलेल्या कोंबाच्या खालच्या पानांना तणावे नसतात. जूनच्या अखेरीस दीड-दोन फुटांचा कोंब सरळ उभा असतो, त्याची पाने साधी असतात, आणि एखाद्या लिलीचे किंवा रानहळदीचे रोप असावे असे वाटून ते तणाबरोबर उपटले जाते. तणावे वरच्या पानांवर, वेलीला आधाराची गरज भासू लागल्यावर येतात. पानांची मांडणीही एकाच वेलीवर बदलते: कुठे एकाआड एक, कुठे समोरासमोर, तर कुठे एकाच पेरावर तीन पाने. त्यामुळे पानांच्या मांडणीवरून ही वेल ओळखण्याच्या फंदात पडू नये.

ज्या वेलींशी तिची गल्लत होते त्यांच्याविषयी थोडक्यात सांगतो. घोटवेलीलाही तणावे असतात, पण ते पानाच्या देठापासून जोडीने निघतात, पाने रुंद असतात आणि खोडावर काटे असतात. मोरवेलीला तणावे नसतातच. तिच्या पानांचे देठ आधाराभोवती वळतात, पाने संयुक्त असतात आणि फुले पांढुरकी, झुबक्यांनी येतात. करांद्याचे पान हृदयाच्या आकाराचे असते व त्याचे अख्खे खोड आधाराभोवती फिरत जाते. या तिघींपैकी एकीच्याही पानाचे टोक वळून कशाला धरत नाही.

फुलाविषयी सांगायचे तर ते बराच वेळ निरखावे असेच आहे. वरच्या पानांच्या बगलेतून लांब देठावर एकेक कळी खाली मान घालून येते. उमलताना सहा पाकळ्या मागे वळून आकाशाकडे उभ्या राहतात, त्यांच्या कडा नागमोडी असतात, आणि त्यांच्याखाली सहा पुंकेसर चक्राच्या आऱ्यांसारखे चहूबाजूंना पसरतात. स्त्रीकेसराची दांडी बुडापाशीच जवळजवळ काटकोनात वळून फुलाच्या एका बाजूला बाहेर निघते. ही रचना फुलपाखरांच्या आणि शिंजिरांच्या सोयीची आहे, कारण पाकळीच्या बुडाशी असलेल्या मधासाठी फुलाभोवती फिरणाऱ्याचा पंख किंवा अंग आधी परागकोशाला आणि मग कुठेतरी त्या बाहेर आलेल्या दांडीच्या टोकाला घासते. नव्या फुलाचा रंग हिरवट पिवळा असतो. पुढच्या काही दिवसांत तो वरून केशरी, मग तांबडा होत जातो, आणि शेवटी सगळे फूल गडद लाल दिसते. एकाच वेलीवर एकाच वेळी पिवळी, दुरंगी आणि लाल फुले असतात, त्यामुळे बांधावर दोन-तीन जातींच्या कळलाव्या एकमेकींत गुंतल्या आहेत असे काही जण समजतात. तसे काही नसते.

आता रोपवाटिकेतल्या वेलीकडे वळू. आपण वर्णन केलेली मोठ्या लाल फुलांची वेल बहुधा ‘रॉथ्सचिल्डियाना’ या नावाने विकली जाणारी असावी. तिच्या पाकळ्या आपल्या रानातल्या कळलावीपेक्षा रुंद, कडा कमी नागमोडी, आणि लाल रंगाला पहिल्यापासून पिवळी किनार असते. ती मूळ आफ्रिकेकडची आहे आणि फुलदाणीच्या फुलांसाठी परदेशांत तिची मोठी लागवड होते. वनस्पतिशास्त्रज्ञ तिला आता याच जातीत धरतात, त्यामुळे ‘हीच का’ याचे पुस्तकी उत्तर ‘होय’ असे आहे. परंतु बांधावर स्वतःची वेल असताना पैसे देऊन ती आणावी असे मला वाटत नाही. आपल्या वेलीने पलूसच्या उन्हाळ्यात, कोरड्या जमिनीत, कोणाच्या पाण्यावाचून वर्षानुवर्षे कंद जिवंत ठेवला आहे, हा तिचा गुण आहे. विकतच्या कंदाचा तसा काही भरवसा देता येत नाही. विकतचा कंदही तितकाच विषारी असतो, हे वेगळे सांगायला नको.

गेल्या वर्षीची वेल का गेली, हे समजण्यासाठी तिच्या कंदाचे वर्ष समजून घ्यावे लागते. कळलावी लावण्याचे सगळे मर्म मला याच गोष्टीत दिसते. माती, खत, आधार हे सारे त्यानंतर येते. मे महिन्याच्या अखेरीस कंदाच्या टोकावरचा डोळा जागा होतो. वळवाच्या किंवा मृगाच्या पावसात कोंब वर येतो, आणि तो वाढवण्यासाठी जुना कंद आपल्यातला साठा खर्च करू लागतो. आषाढ-श्रावणात वेल वाढून फुलते त्या काळात जुना कंद सुरकुतत जातो, आणि त्याच वेळी जमिनीत नवा कंद आकार घेत असतो. म्हणजे आपण वेल उकरली तेव्हा जुन्यात फारसे काही उरलेले नव्हते आणि नवा अजून भरलेला नव्हता. त्यातच उकरताना मुळे तुटली, मग पानांना पाणी पोचेना, आणि ते पोचावे म्हणून आपण काळ्या मातीच्या कुंडीत रोज पाणी ओतले, त्यात कोवळा कंद कुजला. फुलातली कळलावी हलवू नये, एवढाच याचा अर्थ. ऑक्टोबर-नोव्हेंबरात पाने पिवळी पडतात, खोड वाळते, आणि डिसेंबरपासून मेपर्यंत जमिनीत भरलेला कंद झोपून राहतो. हलवायचा तो या झोपेत.

पण झोपलेल्या कंदाचा जमिनीवर मागमूस नसतो, ही त्यातली अडचण आहे. म्हणून सध्या भाद्रपदात, फुले दिसत असतानाच, वेलीचे खोड जमिनीतून जिथे निघते त्या जागेपासून वीतभर अंतरावर एक खुंटी ठोकून ठेवावी आणि तिला रंगीत चिंधी बांधावी. घाणेरीच्या जाळीत वेल दहा फूट लांब जाऊन फुललेली असते. फुलाखाली खणून कंद सापडत नाही. खोड पूर्ण वाळल्यावर, साधारण डिसेंबर-जानेवारीत, खुंटीच्या भोवती एक-दीड फूट अंतर सोडून बाहेरून आत खणत यावे. अनेक वर्षांचे कंद बरेच खोल गेलेले असतात, त्यामुळे वीतभर खणून काही लागले नाही म्हणून सोडू नये, आणि कुदळीऐवजी खुरपे वापरावे.

कंद गुळगुळीत, नळीसारखा गोल, दोन्ही टोकांना निमुळता आणि बहुतेक वेळा मधोमध दुमडून दोन फाटे फुटलेला असतो. प्रत्येक फाट्याच्या टोकाला वाढीचा एकच डोळा असतो, आणि हीच त्याची नाजूक जागा आहे. बटाट्याला चार ठिकाणी डोळे असतात म्हणून तो कसाही कापला तरी चालतो. इथे ते टोक मोडले की त्या फाट्याला कोंब येण्याची आशा सोडावी लागते. दोन्ही फाटे शाबूत असतील तर ते जोडापाशी हलक्या हाताने वेगळे करता येतात व त्यांची दोन रोपे होतात, पण ज्याला एकच वेल हवी आहे त्याने अखंड कंद तसाच लावावा असे मी सुचवीन. वेगळे केल्यास जखम सावलीत चार-पाच दिवस सुकू द्यावी आणि तिच्यावर राख चोळावी. पुढे मेअखेरीपर्यंत कंद कोरड्या वाळूत किंवा लाकडाच्या भुशात, हवा खेळती राहील अशा खोक्यात, सावलीत ठेवावेत. हे खोके स्वयंपाकघरात किंवा कांदा-बटाट्याच्या शेजारी कधीही ठेवू नये आणि त्यावर ‘कळलावी, विषारी’ असे ठळक लिहावे. सोललेला कंद रताळ्याचा वाटू शकतो आणि रताळे किंवा करांदा समजून तो खाल्ल्याने विषबाधा झालेली आहे, म्हणून हा आग्रह आहे.

लागवडीसाठी पहिला पाऊस पडण्याच्या थोडे आधीची किंवा वळीव झाल्यानंतरची वेळ धरावी. डोळा फुगून पांढुरका दिसू लागला की कंद स्वतःच वेळ झाल्याचे सांगतो. जमिनीत लावताना तो आडवा ठेवावा, डोळ्याचे टोक किंचित वर, आणि त्यावर चार-पाच बोटे माती यावी. कुंडी घ्यायची तर ती निदान एक फूट खोल व तितकीच रुंद घ्यावी, कारण नवा कंद खाली आणि बाजूला सरकत वाढतो.

मातीचा प्रश्न आपल्या भागात जरा जपून हाताळावा लागतो. कृष्णाकाठची भारी काळी जमीन उसाला मानवते, कळलावीला नाही. पावसाळ्यात ती पाणी धरून ठेवते आणि उन्हाळ्यात भेगाळते, या दोन्ही गोष्टी कंदाला मारक आहेत. जिथे पाटाच्या पाण्याने जमीन चोपण, म्हणजे खारवट व घट्ट, झाली आहे तिथे तर लावूच नये. आपल्या बांधावर ती टिकली आहे याचे कारण बांध उंच आहे, पाणी दोन्ही बाजूंना उतरते, आणि कुंपणाच्या पालापाचोळ्याने तिथली माती भुसभुशीत झाली आहे. तीच परिस्थिती घरी तयार करावी. दोन घमेली तांबडी माती, एक घमेले जाड वाळू किंवा बारीक मुरूम, आणि एक घमेले चांगले कुजलेले शेणखत किंवा पालापाचोळ्याचे खत एवढे मिश्रण पुरते. जमिनीत लावायचे तर हे मिश्रण घालून फूटभर उंचीचा वरंबा करावा. ताजे शेण घालू नये, आणि उसासाठी आणलेल्या युरियातला मूठभर इकडे टाकण्याचा मोह आवरावा. त्याने पाने माजतात आणि फुले मागे पडतात. सातारा शहर किंवा पश्चिमेकडच्या भरपूर पावसाच्या गावांत हीच वेल लावणाऱ्यांनी मुरुमाचे प्रमाण आणखी वाढवावे. जत, आटपाडी, माणसारख्या भागांत, जिथे वर्षाचा पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आसपास असतो, तिथे मुरूम कमी घालून खत थोडे जास्त घातले तरी चालेल.

पाण्याचे वेळापत्रक कंदाच्या वर्षाप्रमाणेच चालते. पाऊस नियमित असेल तर वरून पाणी नको. ऑगस्टमध्ये पावसाने ओढ दिली आणि बोटभर खोलपर्यंत माती कोरडी लागली तर पाणी द्यावे. पाने पिवळी पडू लागली की पाणी तोडावे आणि पुढच्या पावसापर्यंत त्या कुंडीला पाण्याचा थेंब देऊ नये. शेजारच्या गुलाबाला पाणी घालताना कळलावीच्या रिकाम्या दिसणाऱ्या कुंडीतही तांब्याभर ओतण्याची सवय असते, आणि घरोघरचे बहुतेक कंद श्रावणातल्या पावसाने नव्हे, माघ-फाल्गुनातल्या या तांब्याने कुजतात. कुंडी सरळ पडवीत किंवा गोठ्याच्या वळचणीला कोरड्या जागी सरकवून ठेवली तर ही अडचणच येत नाही.

आधार बारीक हवा. पानाच्या टोकाचा तणावा कोवळा आणि आखूड असतो. जाड बांबूला किंवा द्राक्षबागेच्या लोखंडी अँगलला तो विळखा घालू शकत नाही, आणि वेल खाली घसरून वाऱ्यात मोडते. तुरीच्या वाळलेल्या काटक्या, त्यांच्या फांद्यांसकट, कुंडीभोवती खोचाव्यात. याहून चांगला आधार मी पाहिलेला नाही. कोंबाचे टोक मोडले तर बहुधा त्या वर्षीचा हंगाम संपतो, म्हणून काटक्या कोंब येण्याआधी, कंद लावतानाच खोचाव्यात. जमिनीत लावायची असेल तर एखाद्या जिवंत झुडपाच्या बुडाशी लावणे उत्तम. अशा जागी मुळांना सावली मिळते, शेंड्याला ऊन मिळते, आणि रानात ती नेमकी याच पद्धतीने वाढत असते. दिवसातून चार-पाच तास ऊन तरी मिळायला हवे. पूर्ण सावलीत वेल नुसती लांबत जाते.

किडींमध्ये लक्ष ठेवण्यासारखी एकच आहे, आणि ती एका रात्रीत बरेच नुकसान करते. पॉलिटेला ग्लोरिओसी या पतंगाची काळी, पांढऱ्या व तांबड्या ठिपक्यांची अळी कळलावीच्या पानांवर तुटून पडते. तीच अळी अंगणातल्या लिलीवरही दिसते. पानाच्या खालच्या बाजूला अंड्यांचे पुंजके शोधून पान खुडून टाकावे, अळ्या काडीने वेचून साबणाच्या पाण्यात टाकाव्यात. घरच्या एक-दोन वेलींसाठी फवारणीची गरज पडत नाही. कोवळ्या कोंबावर पावसाळी गोगलगायी येतात, त्यांच्यासाठी बुडाशी राखेचे कडे करावे आणि पावसाने धुऊन गेले की पुन्हा टाकावे.

कंद न खणता बियांपासूनही वेल करता येते, पण त्यासाठी धीर लागतो. फुलानंतर लांबट, तीन कप्प्यांची हिरवी शेंग धरते. ती वाळून तडकली की आत तांबड्या-केशरी गोल बिया दिसतात. त्या लगेच पेरल्या तर उगवत नाहीत, कारण त्यांनाही सहा ते नऊ महिन्यांची विश्रांती लागते. डिसेंबरात जमवलेले बी पुढच्या जूनमध्ये पेरावे. उगवण एकसारखी होत नाही, काही बिया महिनाभराने तर काही त्याहून बऱ्याच उशिरा येतात. पहिल्या वर्षी एखाद-दुसरे पान आणि बारीकसा कंद एवढेच हाती लागते, आणि फूल येण्यास तीन-चार वर्षे जातात. बांधावरची मूळ वेल जागेवर राहू द्यायची आणि तिची संख्या वाढवायची असेल तर मात्र हाच मार्ग मला योग्य वाटतो.

कोणी आपल्याला हिच्या बियांची शेती करा असे सांगेल. तमिळनाडूत, विशेषतः कोरड्या पश्चिम भागात, औषधी कंपन्यांसाठी कळलावीच्या बियांची खरोखर मोठी लागवड होते; तारांच्या किंवा झुडपांच्या आधारावर वेली चढवतात आणि शेंगा भराव्यात म्हणून सकाळच्या वेळी हाताने परागीकरण करतात. ते मजुरीचे आणि ठरलेल्या खरेदीदाराचे काम आहे. खरेदीदार आधी लेखी ठरलेला नसेल तर पलूसमध्ये त्या वाटेला जाऊ नये.

आता विषाविषयी. याबाबतीत मी हातचे राखून बोलणार नाही. कळलावीच्या सर्व भागांत कोल्चिसीन हे द्रव्य असते. कंदात आणि बियांत ते विशेष असते. पेशीचे विभाजन होताना गुणसूत्रे वाटून नेणारे जे सूक्ष्म तंतू तयार होतात ते कोल्चिसीन बनू देत नाही. याच गुणामुळे 1937 नंतर वनस्पती-प्रजननात गुणसूत्रांची संख्या दुप्पट करण्यासाठी त्याचा वापर सुरू झाला आणि बिनबियांचे कलिंगड तयार करण्याची वाट त्यातून निघाली. संधिवाताचा जो प्रकार गाऊट म्हणून ओळखला जातो त्यावरही डॉक्टर ते अगदी मोजक्या मात्रेत देतात. परंतु हेच द्रव्य अंगात जास्त प्रमाणात गेले की ज्या पेशी सतत विभागत असतात त्यांच्यावर आधी घाला पडतो. त्यामुळे काही तासांनी पोटात आग, वारंवार उलट्या आणि जुलाब सुरू होतात, पुढच्या दिवसांत रक्तपेशी कमी होतात, मूत्रपिंड आणि हृदयावर परिणाम होतो, आणि जे वाचतात त्यांचे केस एक-दोन आठवड्यांनी गळतात. लक्षणे लगेच दिसत नाहीत ही त्यातली फसवी बाब आहे. मुलाने कंद किंवा बी तोंडात घातल्याचे कळले आणि ते हसत-खेळत असले, तरी थांबून वाट पाहू नये; उलटी करवण्याचे, तूप किंवा मीठपाणी पाजण्याचे घरगुती उपाय करत न बसता 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी किंवा थेट मोठ्या रुग्णालयात न्यावे, आणि वेलीचा तुकडा सोबत घेऊन डॉक्टरांना दाखवावा.

आपल्या पत्रात ‘जाऊबाई म्हणतात ही बाळंतपणाला औषधी आहे’ असा उल्लेख आहे. बाळंतपणाच्या वेळी हिचा कंद उगाळून लावण्याची प्रथा जुनी आहे आणि वैद्यकाच्या जुन्या ग्रंथांत लांगली या नावाने कळलावी उपविषांत, म्हणजे दुय्यम विषांत, गणली आहे, शोधन (विषाचा जोर कमी करण्याची प्रक्रिया) केल्याशिवाय वापरू नये अशा ताकिदीसह. घरच्या घरी तिचा कंद उगाळून लावणे, पोटात देणे, किंवा गर्भ पाडण्यासाठी वापरणे यांत बाईचा जीव जाऊ शकतो. जाऊबाईंना हे आपण अवश्य सांगावे, आणि माझे नाव पुढे करून सांगितले तरी हरकत नाही.

फुलाला हात लावल्याने विष चढत नाही. गौरीपुढे ठेवण्यासाठी फुले खुडली तर नंतर हात साबणाने धुवावेत एवढे पुरे. कंद हाताळताना मात्र हातमोजे घालावेत, कारण त्याच्या रसाने काहींच्या कातडीची आग होते. जनावरांच्या बाबतीत उभी वेल हा मोठा धोका नाही, कारण चरताना ती बहुधा टाळली जाते. धोका कापलेल्या वैरणीत आहे. बांधावरचे गवत विळ्याने कापताना कळलावीचे तुकडे त्यात मिसळले आणि ते कुट्टी होऊन गव्हाणीत पडले तर शेळीला निवडून खाता येत नाही. म्हणून वेलीभोवतीचे गवत वेगळे कापून टाकून द्यावे, वैरणीत घेऊ नये.

कंद स्वतःच्या बांधावरून घ्यावा किंवा लागवडीतला घ्यावा. रानातून आणू नये. सागरेश्वर आणि कोयना ही अभयारण्ये आहेत, चांदोली राष्ट्रीय उद्यान आहे, कास 2012 पासून जागतिक वारसा स्थळांत आहे, आणि राखीव वनातून परवानगीवाचून कंद काढणे हा कायद्याने गुन्हा आहे. कायदा बाजूला ठेवला तरी, औषधासाठी कंद उकरून नेल्याने ही वेल अनेक डोंगरांवरून कमी होत गेलेली आहे.

राहिला शेवटचा प्रश्न, लावावी की नाही. नातू तीन वर्षांचा असताना आणि शेळ्या मोकळ्या फिरत असताना दारात लावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. वेल सध्या आहे तिथे बांधावर चांगली आहे. तिथे खुंटी ठोकून जागा राखावी, बांध घालताना जेसीबी त्या तुकड्यावरून फिरणार नाही हे पाहावे, आणि लाल बियांचे मुलांना आकर्षण वाटते म्हणून बियांसाठी हव्या तेवढ्या शेंगा सोडून बाकीच्या हिरव्या असतानाच खुडून खोल पुराव्यात. नातू सांगितलेले समजण्याच्या वयाचा झाला की डिसेंबरात कंद काढून, जाळी लावलेल्या जागेत, वर सांगितल्याप्रमाणे लावता येईल. तोपर्यंत दारावर चढवायला देशी वेलच हवी असेल तर कुसर लावावी. ती आपल्या सह्याद्रीतलीच रानटी जाई आहे, उन्हाळ्यात पांढऱ्या सुवासिक फुलांनी भरते, आणि पावसाळ्याच्या तोंडावर जून काडीचे छाट लावले तर ती सहज रुजते.